बाग, धबधबा आणि कोको : कोल्हापूरहून एका दिवसाची निसर्गसहल कशी आखावी

कोल्हापुरातून सकाळी निघायचे, वाटेत राधानगरीजवळचा राऊतवाडीचा धबधबा पाहायचा, फोंडा घाट उतरून कोकणातल्या नारळी-पोफळीच्या बागेत कोकोची लागवड समजून घ्यायची आणि रात्रीच्या जेवणाला घरी परतायचे, हा बेत एका दिवसात व्यवस्थित बसतो. तरीही अनेक गटांचा दिवस फसतो आणि त्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते : धबधबा शेवटी ठेवलेला असतो. ‘आधी शेती पाहून घेऊ, मग भिजायला मोकळे’ हा विचार ऐकायला बरा वाटतो. प्रत्यक्षात मात्र बागेत सर्वांचे लक्ष घड्याळाकडे राहते आणि परतीच्या पावसाचे ढग भरून येण्याच्या वेळीच, म्हणजे दुपारी चारच्या सुमारास, गट पाण्याजवळ पोहोचतो. मीही एका वर्षी हीच चूक केली. आमच्या डोक्यावर ऊन होते आणि वरच्या डोंगरात पाऊस पडत होता. पंधरा मिनिटांत पाणी गढूळ झाले आणि मुलांना हाताला धरून काठावर ओढावे लागले. तेव्हापासून मी धबधबा सकाळीच ठेवतो आणि खालील क्रम मोडत नाही.

हा आराखडा १५ ते १७ जणांच्या, एका ट्रॅव्हलर गाडीत मावणाऱ्या गटासाठी आहे. गट याहून मोठा असेल तर दोन वेगळ्या तारखा ठेवाव्यात. कोकोच्या झाडाखाली तीस माणसे उभी राहिली तर मागच्या वीस जणांना काहीही दिसत नाही.

टप्पा १ : तारीख ठरवणे (किमान एक महिना आधी)

या सहलीत दोन वेगळी वेळापत्रके जुळवायची असतात. धबधब्याला पाणी हवे आणि कोकोच्या झाडावर पिकलेली फळे हवीत. जुलै-ऑगस्टमध्ये धबधबा भरून कोसळत असतो, परंतु तेव्हा काठावर उभे राहणेही धोक्याचे असते, घाटात दरड कोसळण्याची भीती असते आणि बागेत पावसाळी रोगाने काळी पडलेली फळेच अधिक दिसतात. एप्रिल ते जून हा कोकोच्या फळांचा एक मोठा हंगाम असतो, मात्र त्या काळात राऊतवाडीला पाण्याची बारीक धारही मिळेलच असे नाही. पावसाळा ओसरल्यावर फळांचा दुसरा बहर सुरू होतो. त्यामुळे सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरचा तिसरा आठवडा हाच काळ या दोन्ही गोष्टींना साधतो. दिवाळीनंतर धबधबा रोडावत जातो.

याच काळात कोल्हापूरचे स्वतःचे एक वेळापत्रक असते. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनासाठी बाहेरगावची इतकी गर्दी शहरात असते की भाड्याच्या गाड्या मिळत नाहीत आणि पहाटेही शहराबाहेर पडायला वेळ लागतो. गणेश विसर्जन आणि घटस्थापना यांच्यामधले दिवस रस्त्याच्या दृष्टीने सोयीचे असले, तरी तो पितृपंधरवडा असतो. ज्यांच्या घरी त्या दिवशीची तिथी आहे ती माणसे ऐन वेळी गळतात, म्हणून नावे घेतानाच प्रत्येकाला तिथी विचारून घ्यावी. दसऱ्यानंतरचा आठवडा मला सर्वांत चांगला वाटतो. वार शक्यतो मंगळवार ते शुक्रवारमधला घ्यावा. शनिवारी-रविवारी राऊतवाडीला गाडी लावायलाही जागा मिळत नाही.

*सावधान :* दाजीपूर अभयारण्यातील जंगलसफारी पावसाळ्यात बंद असते. ती सुरू झालेली असली तरी या दिवसात तिला जोडून घेऊ नये, कारण त्यामुळे कोकोच्या बागेचे निम्मे तास कापले जातात.

टप्पा २ : बागायतदाराशी बोलणी

कोको हे आपल्या घाटमाथ्यावरचे पीक नाही. त्याला उष्ण-दमट हवा, बारमाही ओलावा आणि डोक्यावर सावली लागते, म्हणून ते घाटाखाली नारळ-सुपारीच्या बागेत आंतरपीक म्हणून घेतले जाते. सिंधुदुर्गातही अशा बागा मोजक्याच आहेत. तालुका कृषी कार्यालयात चौकशी केली किंवा ओळखीच्या नारळ बागायतदाराला विचारले तर पत्ता लागतो. बाग कणकवली-फोंडाघाट परिसरातली, म्हणजे घाट उतरल्यावर अर्ध्या-पाऊण तासात गाठता येईल अशीच निवडावी. मालवण-वेंगुर्ल्याकडची बाग कितीही सुंदर असली तरी ती मुक्कामाच्या सहलीसाठी ठेवावी.

बागायतदाराला फोन करताना ‘आम्ही बाग बघायला येतो’ एवढेच सांगणे ही दुसरी मोठी चूक आहे. त्याच्या दृष्टीने बाग बघणे म्हणजे दहा मिनिटांची फेरी. आपल्याला काय पाहायचे आहे ते स्पष्ट सांगावे आणि पुढील गोष्टी विचारून लिहून ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, त्या आठवड्यात काढणीला आलेली फळे झाडावर असतील का. दुसरी, आपण येण्याच्या तीन दिवस आधी थोडी फळे फोडून त्यातील बिया आंबवण्यासाठी पेटीत घालता येतील का. हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. फळ फोडण्यापासून बी वाळेपर्यंत दोन आठवडे जातात आणि आपण तीन तासांत निघणार असतो. त्यामुळे प्रत्येक अवस्थेतला माल आधीच तयार असेल तरच सगळी प्रक्रिया डोळ्यांसमोर उभी राहते. तिसरी, अलीकडे बोर्डो मिश्रणाची (मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशकाची) किंवा अन्य कोणती फवारणी झाली आहे का. चौथी, जेवणाची सोय त्यांच्या घरी होईल का, की डबे न्यावेत.

पैशांचे बोलणे याच फोनवर संपवावे. मार्गदर्शनाचा मोबदला, जेवणाचा दर आणि फोडलेल्या किंवा विकत घेतलेल्या फळांची किंमत या तिन्ही रकमा वेगळ्या ठरवाव्यात. सगळे मिळून एकच आकडा ठरवला की फळ फोडताना बागायतदाराचा हात आखडतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. एक किलो वाळलेल्या बियांसाठी साधारण २५ ते ३० फळे लागतात. आपण हौसेने फोडलेले प्रत्येक फळ त्याच्या मालातून वजा होत असते.

राधानगरीतला एक स्थानिक वाटाड्याही आधीच ठरवावा. तो धबधब्यासाठी लागतो. कोणता दगड शेवाळलेला आहे, पाणी कोणत्या बाजूने चढते आणि त्या दिवशी वाट खुली आहे की नाही, हे त्याला माहीत असते.

*तपासा :* बागायतदाराला दोन दिवस आधी पुन्हा फोन करावा आणि पेटी भरली का, एवढेच विचारावे. ‘भरतो’ असे उत्तर आले तर अजून भरलेली नाही, असे समजून पुन्हा विनंती करावी.

टप्पा ३ : सामान आणि सूचना

प्रत्येकाने कपड्यांचा एक पूर्ण कोरडा जोड, टॉवेल आणि पायांत घालायला दोन वेगळी पादत्राणे आणावीत : धबधब्यासाठी पकड असलेले बूट किंवा पट्ट्यांच्या सॅंडल, आणि बागेसाठी कोरडे बूट. साध्या रबरी चपला शेवाळावर घसरतात, त्यांना स्पष्ट मनाई करावी. पूर्ण बाह्यांचा शर्ट डासांसाठी लागतो. जळवांसाठी मीठ किंवा हळदीची पुरचुंडी बरोबर ठेवावी. चिकटलेली जळू ओढून काढू नये, मीठ लावले की ती आपोआप सुटते.

गटासाठी म्हणून वेगळी पिशवी करावी. तिच्यात प्रथमोपचार पेटी, उलटीच्या गोळ्या, शिट्टी, पंधरा मीटर दोर, दोन घट्ट ब्रश, एक बादली, पाण्याचा कॅन, कचऱ्यासाठी गोणी आणि बागेत वापरण्यासाठी चार-पाच पांढऱ्या ताटल्या असाव्यात. ब्रश आणि बादलीचे काम सातव्या टप्प्यात येईल.

दाजीपूर आणि घाटाच्या पट्ट्यात मोबाइलला बराच वेळ रेंज नसते. नकाशा आधीच उतरवून ठेवावा, बागायतदाराच्या घराची खूण कागदावर लिहून घ्यावी आणि घरच्यांना सांगून ठेवावे की दहा ते अकराच्या दरम्यान फोन लागणार नाही. तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक चालकासह सर्वांना माहीत असावेत.

टप्पा ४ : आदल्या संध्याकाळचा निर्णय

आदल्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता हवामान विभागाचा कोल्हापूर आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांचा इशारा पाहावा. फक्त कोल्हापूरचा पाहणे पुरेसे नाही. घाट दोन्हीकडे आहे. पिवळा इशारा असेल तर सहल होऊ शकते, परंतु धबधब्याजवळ पाण्यात उतरणे रद्द समजावे. नारिंगी असेल तर तारीख बदलावी. तांबड्या इशाऱ्यात प्रश्नच उरत नाही. विजांची सूचना देणारे ‘दामिनी’ हे ॲप किमान दोघांच्या मोबाइलवर असावे.

मुसळधार पाऊस होऊन गेला असेल तर आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. राधानगरी धरण भरलेले असताना पाऊस झाला की त्याचे स्वयंचलित दरवाजे उघडतात आणि भोगावती काही तासांत फुगते. अशा वेळी वाटेत नदीकाठी उतरून थांबू नये. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे जात असेल, तर परतताना रस्ता खुला असेल याची खात्री धरता येत नाही. धोक्याची पातळी ४३ फूट आहे, परंतु तिची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. फोंडा घाटातली वाहतूक सुरू आहे का, हे राधानगरीतल्या वाटाड्याकडून आणि खालच्या बागायतदाराकडून, दोघांकडून विचारावे.

*तपासा :* रद्द करण्याचा निर्णय कोण घेणार हे आधी ठरलेले असावे. सतरा जणांच्या व्हॉट्सॲप गटावर मते मागवली की रात्री अकरापर्यंत चर्चा चालते आणि सकाळी निम्मे लोक येतात.

टप्पा ५ : टाऊन हॉलच्या बागेत एकत्र जमणे (सकाळी ६.१५ ते ७)

सीपीआर रुग्णालयाजवळची टाऊन हॉलची बाग जमण्यासाठी सोयीची आहे, आणि सहलीचा पहिला धडा तिथेच द्यावा. बाग सकाळी किती वाजता उघडते हे आधी विचारून ठेवावे. तिथे फिरायचे नाही, फक्त दोन गोष्टी पाहायच्या.

पहिली गोष्ट, खोडावर येणारे फूल-फळ. आपल्या डोळ्यांना फांदीच्या टोकाला फुले पाहण्याची सवय असते. कोकोचे फूल मात्र थेट खोडावर आणि जाड फांद्यांवर उगवते आणि ते जेमतेम बोटाच्या पेराएवढे असते. डोळ्यांना आधी सवय लावली नाही तर कोकोच्या बागेत लोक वर पाहत फिरतात आणि नाकासमोरची फुले त्यांना दिसत नाहीत. म्हणून उंबर, फणस किंवा कैलासपती यांपैकी जे झाड बागेत असेल ते आदल्या आठवड्यात हेरून ठेवावे आणि त्याच्या खोडापाशी गटाला न्यावे. उंबर तर दत्ताच्या देवळाजवळ कोठेही सापडतो.

दुसरी गोष्ट, सावलीचे थर. उंच झाड, त्याखालचे मध्यम झाड, त्याखालचे झुडूप आणि जमिनीवरचा पाचोळा असे चार थर एका जागी उभे राहून दाखवावेत. कोकणातली बाग याच रचनेवर उभी असते. तिथे पोहोचल्यावर समजावत बसण्यापेक्षा इथे दहा मिनिटे देणे सोपे जाते.

ज्यांना वनस्पतींची विशेष आवड आहे त्यांनी शिवाजी विद्यापीठातील वनस्पतिशास्त्र विभागाची बाग वेगळ्या दिवशी, विभागाची परवानगी घेऊन पाहावी. सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पांच्या जाती जपण्याचे तिथले काम पाहण्यासारखे आहे. परंतु त्यासाठी या सहलीची सकाळ खर्च करू नये.

नाश्ता वाटेत करावा, आणि तो पोहे किंवा उप्पीट असावा. कोल्हापूरकराला हे सांगणे कठीण आहे, पण तर्रीदार मिसळ खाऊन घाटाची वळणे उतरणाऱ्यांपैकी दोघे तरी फोंड्याला पोहोचेपर्यंत आडवे होतात.

टप्पा ६ : राऊतवाडी धबधबा (सकाळी ८.४५ ते ९.४५)

राधानगरी कोल्हापूरपासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे आणि राऊतवाडी तिथून जवळच आहे. वाटाड्याला राधानगरीत गाडीत घ्यावे. प्रवेशासाठी जे शुल्क असेल ते भरून पावती घ्यावी आणि त्या दिवशीच्या सूचना गाडीतच वाचून दाखवाव्यात.

पाण्याजवळ गेल्यावर पहिले काम खूण ठरवण्याचे. काठावरचा असा एक दगड निवडावा जो निम्मा पाण्यात आणि निम्मा बाहेर आहे, आणि त्यावर पाण्याची रेघ कोठे आहे ते दोघांनी नीट पाहून ठेवावे. त्यानंतर दर दहा मिनिटांनी त्या दगडाकडे पाहायचे. रेघ चार बोटे वर सरकली, स्वच्छ पाण्याला चहासारखा रंग आला, पाण्यातून पाने-काटक्या जास्त वाहू लागल्या किंवा आवाज भरदार झाला, यांपैकी एक जरी घडले तरी शिट्टी वाजवून सर्वांना वरच्या वाटेवर आणावे. आपल्या डोक्यावर पाऊस असणे गरजेचे नाही, वरच्या पाणलोटात झालेला पाऊस पुरेसा असतो.

पाण्यात उतरायचे की नाही हे वाटाड्याने ठरवावे. उतरायचे असल्यास गुडघ्यापर्यंतच, आणि धारेच्या थेट खाली कधीही नाही; वरून पाण्याबरोबर लहान दगड येतात आणि ते येताना दिसत नाहीत. धबधब्याच्या माथ्यावर चढणे, काठाकडे पाठ करून मोबाइलवर छायाचित्र काढणे आणि ओल्या खडकावर पळणे या तीन गोष्टींना कोणाच्याही वयाकडे न पाहता मनाई करावी. मद्य घेतलेला माणूस गटात असेल तर त्याला गाडीतच बसवावे. वाईटपणा येईल, तो घ्यावा.

एका तासाने निघावे. सकाळी इथे फारशी गर्दी नसते आणि ऊन कोवळे असते. जे पाहायचे ते तासाभरात पाहून होते.

*तपासा :* गाडीत बसण्यापूर्वी डोकी मोजावीत, कोरडे कपडे घालावेत आणि पायांवर, मोज्यांत व बुटांच्या जिभेखाली जळू नाही ना ते पाहावे.

टप्पा ७ : दाजीपूरमार्गे फोंडा घाट (सकाळी ९.४५ ते ११.३०)

हा रस्ता अभयारण्याच्या हद्दीतून जातो. गवा रस्त्यावर दिसला तर गाडी लांबच थांबवावी, कर्णा वाजवू नये आणि कोणीही खाली उतरू नये; तो आपल्या वेळेने जातो. माकडांना खाऊ टाकू नये. घाटात दृश्य पाहण्यासाठी वळणावर गाडी थांबवू नये.

बागेच्या फाटकाबाहेर पोहोचल्यावर ब्रश आणि बादली बाहेर काढावी. कोकोची फळे काळी पडून कुजण्याचा रोग फायटोप्थोरा नावाच्या सूक्ष्मजीवामुळे होतो. तो ओलाव्यात वाढतो आणि चिखल-पाण्याबरोबर पसरतो. त्याच गटातला सूक्ष्मजीव सुपारीलाही कोळे रोग आणतो. दुसरीकडचा चिखल बुटांना लागलेला असताना सतरा माणसे बागेत फिरवणे म्हणजे बागायतदाराच्या घरात आजार सोडण्यासारखे आहे. म्हणून धबधब्यावरचे बूट गाडीतच ठेवावेत आणि बागेचे बूटही तळव्यासकट घासून धुवावेत. बाहेर पडतानाही हेच करावे. पहिल्यांदा हे केले तेव्हा बागेतले काका काही बोलले नाहीत, पण निघताना त्यांनी न मागता पुढच्या वर्षीची तारीख विचारली.

टप्पा ८ : कोकोची बाग (सकाळी ११.३० ते दुपारी २.३०)

इथे तीन तास राखून ठेवावेत आणि पुढील क्रम पाळावा. गटाचे दोन भाग करावेत. एक भाग झाडांपाशी असताना दुसरा पेटीपाशी असावा आणि मग अदलाबदल करावी.

*पहिले, झाड.* कोकोचे मूळ दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या घनदाट जंगलात आहे, उंच झाडांच्या सावलीत. म्हणूनच माडाची झिरपती सावली त्याला मानवते. खोडावर जिथे फुलांचा गुच्छ येतो तिथे साल किंचित फुगलेली दिसते. ही गादी वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा फुलते. ती एकदा सोलली गेली की त्या जागी पुन्हा फूल येत नाही. त्यामुळे खोडाला हात टेकून उभे राहू नये आणि झाडावर चढू नये.

फुलांचे परागीभवन पाचोळ्यात वाढणाऱ्या अगदी बारीक माश्या करतात. बाग अस्वच्छ दिसते म्हणून कोणी नाक मुरडले तर त्याला हे जरूर सांगावे, कारण तो पाचोळा झाडला तर फळे कमी धरतात. बोटाएवढी फळे झाडावरच काळी पडून सुकलेली दिसतील. तो नेहमीच रोग नसतो; झाड स्वतःला पेलतील तेवढीच फळे ठेवते आणि बाकीची सुकवते. मोठ्या फळावर तपकिरी डाग पसरत गेलेला असेल तर मात्र तो रोग असतो आणि असे फळ बागायतदार तोडून बागेबाहेर नेतो. डागाच्या फळाला कोणीही हात लावू नये.

*दुसरे, काढणी.* फूल धरल्यापासून फळ पिकायला साधारण पाच ते सहा महिने लागतात. आपल्याकडे प्रामुख्याने लावल्या जाणाऱ्या फोरास्टेरो प्रकारात कच्चे फळ हिरवे असते आणि पिकल्यावर पिवळे होते. पिळून किंवा ओढून फळ तोडणे ही पाहुण्यांची हमखास चूक आहे, कारण देठाबरोबर गादीही सोलून निघते. देठ कात्रीने किंवा धारदार कोयतीने कापावा आणि तेही बागायतदाराने दाखवल्यावरच.

*तिसरे, फळ फोडणे.* फळ आधी धुवावे. बोर्डो मिश्रणाचा निळसर थर सालीवर असू शकतो. कोयत्याने उभा घाव घातला तर आतल्या बिया कापल्या जातात आणि कापलेली बी आंबवताना कुजते, म्हणून लाकडी दांडक्याने आडवा ठोका द्यावा. साल भोपळ्यासारखी दुभंगते आणि आत पांढऱ्या गरात लपेटलेल्या ३० ते ४५ बिया एका दांड्याभोवती कणसासारख्या रचलेल्या दिसतात. त्या ताटलीत काढाव्यात. गर चोखून पाहावा. तो आंबट-गोड लागतो आणि चॉकलेटची आठवणही येत नाही. बी चावू नये, ती अतिशय कडू असते. एका बीचे दोन काप करून आतला जांभळा रंग मात्र सर्वांना दाखवावा.

*चौथे, आंबवण.* तीन दिवसांपूर्वी भरलेली पेटी आता उघडावी. केळीचे पान बाजूला केले की शिरक्यासारखा तीव्र दर्प येतो आणि बियांच्या ढिगावर तळहात धरला तर वाफ जाणवते. आत ४५ ते ५० अंशांपर्यंत उष्णता चढते. गरातल्या साखरेवर आधी यीस्ट आणि मग जिवाणू काम करतात. त्या उष्णतेने आणि आम्लाने बीमधला अंकुर मरतो, कडवटपणा कमी होतो आणि पुढे भाजल्यावर येणाऱ्या चवीचा पाया तयार होतो. कोकोच्या साऱ्या खटाटोपातली खरी पायरी हीच आहे आणि आळसाने किंवा घाईने सर्वांत जास्त बिघडते तीही हीच. ढीग दर दोन दिवसांनी खालीवर करावा लागतो, म्हणजे कडेच्या बियांनाही ऊब आणि हवा मिळते. हे काम पाच ते सहा दिवस चालते. बागायतदाराची हरकत नसेल तर ढीग परतण्याचे काम गटातल्या दोघा-तिघांनी हात स्वच्छ धुऊन करावे. पाहण्यापेक्षा त्यातून अधिक समजते.

*पाचवे, वाळवण.* चटईवर पसरलेल्या बियांपैकी एक चांगली वाळलेली बी उभी कापून मघाच्या कच्च्या बीशेजारी ठेवावी. नीट आंबलेली बी आतून तपकिरी आणि भेगाळलेली असते. अर्धवट आंबलेली जांभळटच राहते. मूठभर बिया आवळल्यावर कुरकुर आवाज येईपर्यंत त्या वाळवल्या जातात आणि तेव्हा त्यांत ६ ते ७ टक्के ओलावा उरतो. ऑक्टोबरात दुपारी पाऊस येण्याची शक्यता असल्यामुळे ताडपत्री हाताशी असते. ढग आले तर गप्पा सोडून बिया गोळा करायला हात लावावा.

*सावधान :* जेवायला किंवा विसाव्याला माडाखाली बसू नये. नारळ किंवा वाळलेली झावळ पडायला वाऱ्याची गरज नसते. पंगत पडवीत किंवा अंगणात मांडावी.

निघण्यापूर्वी ठरलेले पैसे, फोडलेल्या फळांचा हिशेब करून, सर्वांसमोर नव्हे तर बाजूला घेऊन द्यावेत. त्या वेळी घासाघीस करू नये.

टप्पा ९ : परतीचा प्रवास (दुपारी २.४५ नंतर)

अंधार पडण्यापूर्वी घाट आणि जंगलाचा पट्टा मागे पडला पाहिजे. पावणेतीनला निघालात तर साडेतीन-पावणेचारला घाट चढून होतो आणि साडेसहाच्या आसपास कोल्हापूर गाठता येते. वाटेत ‘अजून एक धबधबा’ हा आग्रह हमखास होतो. सावडाव किंवा नापणे ही ठिकाणे चांगली आहेत, परंतु ती वेगळ्या दिवसाची आहेत. चहासाठी राधानगरीत थांबावे, वाटाड्याला तिथे सकाळचे उरलेले पैसे द्यावेत आणि पुन्हा डोकी मोजावीत.

टप्पा १० : घरी आणलेल्या फळांचे काय करावे

बरेच जण एक-दोन फळे घरी आणतात, बिया उन्हात वाळवतात, मिक्सरमधून काढतात आणि ‘कोको कडू निघाला’ म्हणून टाकून देतात. दोन फळांच्या बियांचा ढीग आवश्यक तेवढा तापतच नाही, त्यामुळे त्या आंबत नाहीत. घरी चॉकलेटची चव पाहायची असेल तर बागायतदाराकडून आंबवून वाळवलेल्या बिया विकत घ्याव्यात, जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर साल सुटेपर्यंत सतत हलवत भाजाव्यात, निवल्यावर सुपात पाखडून टरफले काढावीत आणि मग वाटाव्यात.

फळापासून रोप करायचे असेल तर मात्र वेळ दवडू नये. कोकोच्या बिया वाळल्या की त्यांची उगवण जाते. पाकिटात ठेवून पुढच्या पावसाळ्यात पेरण्याचे हे बियाणे नव्हे. फळ फोडल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी गर राखेने चोळून काढावा, बी आडवी ठेवून पिशवीतल्या मातीत बोटाच्या एका पेराएवढी खोल पेरावी आणि पिशवी सावलीत ठेवावी. कोल्हापुरातले मार्च-एप्रिलचे कोरडे ऊन या रोपाला सोसत नाही, तेव्हा ते आंब्याच्या किंवा केळीच्या आडोशाला न्यावे आणि बुंध्याशी पाचोळ्याचा जाड थर घालून माती ओलसर ठेवावी.